घरातल्या भिंतींसाठी रंग कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपासच्या घरांतून रंगकाम काढायच्या आधी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची फसगत एकाच ठिकाणी होते: रंग ठरतो दुकानात, रंगांच्या नमुन्यांच्या कार्डावर, आणि दिसतो आपल्या भिंतीवर, आपल्या उजेडात. उत्तरं कुठूनही वाचा, पण प्रश्न ८ मधली चाचणी कोणीही टाळू नका.

१. रंगशास्त्र म्हणजे नेमकं काय? घराला रंग द्यायला ते शिकावं लागतं का?

शिकावं लागत नाही, पण तीन गोष्टी ओळखता यायला हव्यात. पहिली छटा, म्हणजे रंग तांबड्यातला, पिवळ्यातला की निळ्यातला. दुसरी उजळपणा, म्हणजे तो किती फिका किंवा गडद. तिसरी तीव्रता, म्हणजे तो किती भडक किंवा किती राखाडीकडे झुकलेला. पोपटी आणि शेवाळी दोन्ही हिरवेच. पोपटीची तीव्रता जास्त, शेवाळीची कमी. अबोली आणि विटकरी एकाच कुळातले. अबोली उजळ, विटकरी गडद.

भिंतीच्या बाबतीत सगळ्यात जास्त चूक तिसऱ्या गोष्टीत होते. "हिरवा आम्हाला सहन झाला नाही" असं सांगणाऱ्यांच्या घरी हिरव्याचा दोष क्वचितच असतो, तो हिरवा फार तीव्र घेतलेला असतो. म्हणून दुकानात "याच्यापेक्षा फिका दाखवा" म्हणण्याआधी "याच छटेतला जरा राखाडी दाखवा" म्हणून बघा. फिका केलेला भडक रंग हा पुष्कळदा फिका भडकच राहतो.

२. रंगचक्र कसं वापरायचं? कुठला रंग कशाबरोबर जातो?

रंगचक्र म्हणजे गोलात मांडलेले रंग. त्यावर तांबडा, पिवळा आणि निळा हे मूळ रंग समान अंतरावर असतात. त्यांच्यामध्ये नारिंगी, हिरवा आणि जांभळा. त्यावरून तीन सोपे मेळ बसतात.

एकाच छटेचे कमीजास्त उजळपणाचे रंग, उदाहरणार्थ दुधी, बदामी आणि गुळाचा रंग. हा सगळ्यात कमी धोक्याचा मेळ. शेजारशेजारचे रंग, उदाहरणार्थ पिवळसर हिरवा, हिरवा आणि मोरपंखी. यातही घर शांत राहतं. आणि समोरासमोरचे: तांबडा–हिरवा, निळा–नारिंगी, पिवळा–जांभळा. समोरासमोरचे रंग एकमेकांना चेतवतात. हिरव्या साडीला डाळिंबी काठ उठून दिसतो तो याचमुळे. पण काठ काठाएवढाच असतो म्हणून शोभतो. भिंतीवरही समोरचा रंग तेवढ्याच मापात घ्यायचा: उशी, पडद्याची पट्टी, एखादा कोनाडा. अर्धी खोली हिरवी आणि अर्धी डाळिंबी केली तर नजरेला कुठेच विसावा मिळत नाही.

३. बिस्किट रंग निवडला होता, भिंतीवर तो गुलाबी दिसतोय. दुकानदाराने फसवलं का?

बहुधा नाही. बिस्किट, क्रीम, राखाडी, मोती अशा फिक्या रंगांच्या पोटात एक छुपी झाक असते. कुणाच्या पोटात पिवळी, कुणाच्या गुलाबी, कुणाच्या हिरवी. कार्डावरच्या दोन इंचांत ती कळत नाही. चार भिंती झाल्या की उजेड एका भिंतीवरून दुसरीवर, तिथून तिसरीवर उडतो आणि दरवेळी तीच झाक उचलून नेतो. त्यामुळे ती कितीतरी पटीने जाणवते.

झाक ओळखायचा उपाय असा: कार्ड स्वच्छ पांढऱ्या कागदावर ठेवा आणि शेजारी त्याच पट्टीतला सगळ्यात गडद रंग बघा. गडद टोकाला जो रंग दिसेल, तीच फिक्याच्या पोटातली झाक. तीन-चार बिस्किट रंग एका ओळीत ठेवले तरी कुठला गुलाबी आणि कुठला हिरवट ते लगेच वेगळं होतं. एकटा ठेवलेला बिस्किट कधीच खरं सांगत नाही. रंगाच्या नावावरही जाऊ नका. एका कंपनीचा "आयव्हरी" पिवळट असतो आणि दुसरीचा गुलाबीसर.

४. आम्हाला सरळ पांढराच द्यायचा आहे. त्यात निवडायचं काय?

सगळ्यात कठीण निवड पांढऱ्याचीच. निळसर पांढरा, पिवळट पांढरा, राखाडी पांढरा हे एकमेकांशेजारी आले की एकमेकांना मळकट ठरवतात. छत एका पांढऱ्याचं आणि भिंत दुसऱ्याची असं झालं तर भिंत जुनी वाटते. त्यामुळे छताचा पांढरा आधी ठरवा, मग भिंतीचा.

चुन्याच्या सफेदीत चिमूटभर नीळ घालायची जुनी पद्धत हे शुद्ध रंगशास्त्र आहे. चुना सुकल्यावर किंचित पिवळट दिसतो. निळीचा थेंब ते पिवळेपण मारतो आणि डोळ्याला भिंत जास्त पांढरी भासते. नीळ जास्त पडली की मात्र खोली आजारी दिसते. हाच नियम आजच्या "सुपर व्हाइट" डब्यालाही लागू आहे: उन्हाच्या खोलीत निळसर पांढरा स्वच्छ दिसतो, अंधाऱ्या खोलीत तोच राखेसारखा उतरतो. कमी उजेडाच्या खोलीला नेहमी पिवळट झाकेचा पांढरा द्या.

५. खोली कुठल्या दिशेला आहे त्यावरून रंग ठरवायचा का?

हो. मात्र परदेशी लेखांतले नियम जसेच्या तसे उचलू नका. कोल्हापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम १६.७ अंशांवर आहे. मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावर येतो. तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो भर दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. बाकीचं वर्षभर तो दक्षिणेकडून फिरतो.

उत्तरेच्या खोलीला उन्हाचा झोत जवळजवळ नसतो, उजेड आकाशाचा, म्हणून निळसर. तिथे राखाडी रंग थंड होऊन निळा दिसतो. राखाडीच हवा असेल तर पोटात पिवळी किंवा गुलाबी झाक असलेला घ्या. दक्षिणेच्या खोलीत दिवाळीनंतर ऊन तिरपं होऊन आत खोलवर येतं. तिथे जवळजवळ कुठलाही रंग चालतो, फक्त तीव्रता आवरा. पूर्वेच्या खोलीत सकाळी सगळं सोनेरी आणि दुपारनंतर फिकट. रोजचा वापर सकाळचा की रात्रीचा, त्यावरून निवडा.

पश्चिमेची खोली सगळ्यात फसवी. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आठवा. देऊळ पश्चिमाभिमुख असल्यामुळे ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्याकडे येतात. त्या किरणांचा जो तांबूस सोनेरी रंग, तोच तुमच्या पश्चिमेच्या खोलीतल्या भिंतींवर संध्याकाळी उतरतो. तिथे आधीच पीच, नारिंगी किंवा पिवळा दिला तर पाच वाजता खोली पेटल्यासारखी होते. एप्रिल-मे मध्ये तर नकोशीच वाटते. पश्चिमेला फिका निळसर हिरवा किंवा राखाडीकडे झुकलेला पांढरा घ्या.

दिशा कुठलीही असो, खिडकीबाहेर काय आहे तेही बघा. शेजारची विटकरी भिंत किंवा दाट आंबा आपला रंग खोलीत आणून सोडतो.

६. शेडकार्डाच्या मागे "एलआरव्ही" असा आकडा असतो. तो कशासाठी?

रंगावर पडलेल्या उजेडातला किती टक्के परत येतो ते तो आकडा सांगतो. शुद्ध काळ्याला ०, आदर्श पांढऱ्याला १००. चांगला पांढरा ८० च्या पुढे, फिके क्रीम ७० ते ८०, मध्यम रंग ४० ते ६०, गडद २० च्या खाली.

पेठांमध्ये घरं भिंतीला भिंत लागून आहेत, मधल्या खोल्यांना एकच खिडकी, तीही बोळाकडे. अशा खोलीला ७० च्या खालचा रंग देऊ नका, नाहीतर दिवसाही दिवा लावावा लागेल. उलट, मोठ्या खिडक्यांच्या आणि गच्चीलगतच्या खोलीत ८५ चा पांढरा डोळ्यांवर येतो. तिथे ५५ ते ६५ सुखाचा.

७. लहान खोली मोठी दिसण्यासाठी फिका रंगच द्यावा लागतो का?

फिका रंग मदत करतो, पण खरं काम कडा लपवण्याचं असतं. भिंत, चौकट, पडदा आणि स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) एकाच उजळपणाचे ठेवले की नजर कुठे अडत नाही आणि खोली ऐसपैस वाटते. पांढऱ्या भिंतीला चॉकलेटी चौकटी दिल्या की तीच खोली तुकड्यातुकड्यांत दिसते.

लांब आणि अरुंद खोली असेल तर टोकाची आखूड भिंत दोन छटा गडद करा. ती जवळ आल्यासारखी वाटते आणि बोगदा मोडतो.

८. कार्डावर आवडलेला रंग भिंतीवर नेहमी गडद का होतो? नमुना कसा लावून बघायचा?

कारण प्रश्न ३ मध्ये आलं आहे: भिंती एकमेकींचा रंग वाढवतात. म्हणून कार्डावर जो पसंत पडेल त्यापेक्षा एक पायरी फिका किंवा एक पायरी राखाडी घ्या. तरीही चाचणी कराच. ती अशी:

जुन्या भिंतीवर थेट पट्टा मारू नका. आजूबाजूचा जुना रंग डोळ्याला फसवतो. त्याऐवजी २ × २ फुटांचा जाड पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा घ्या, त्याला पांढरा प्रायमर (रंगाखालचं अस्तर) मारा आणि वाळल्यावर नमुन्याचे दोन पूर्ण हात द्या. कडेला चारही बाजूंनी दोन बोटं पांढरी जागा सोडा. काही कंपन्यांचे २०० मिलीचे नमुना डबे मिळतात, नाहीतर १ लिटर बनवून घ्या. तीनपेक्षा जास्त नमुने करू नका, गोंधळ वाढतो.

ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळे असतात, म्हणून निदान एक रात्र जाऊ द्या. मग पुठ्ठा उभा ठेवा. आडवा टेबलावर ठेवून बघू नका, कारण भिंतीवर उजेड वेगळ्या कोनातून पडतो. एकदा खिडकीच्या शेजारच्या भिंतीला, एकदा खिडकीसमोरच्या भिंतीला आणि एकदा सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात. सकाळी नऊ, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दिवे लावून, असं दोन दिवस बघा. जो रंग चारही वेळा "आवडला" वाटला नाही तरी एकदाही "नको" वाटला नाही, तो घ्या.

९. रात्री दिव्यात रंग बदलतो. कुठले दिवे लावावेत?

दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० पिवळट, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. आपल्याकडे पुष्कळ घरांत ६५०० ची पट्टी असते. तिच्याखाली क्रीम भिंत हिरवट आणि पीच भिंत मळकी दिसते. क्रीम, बदामी, अबोली असे उबदार रंग असतील तर ३००० ते ४००० चे दिवे घ्या. फिक्या निळ्या-राखाडी भिंतींना ४००० पुरे. एकाच खोलीत दोन वेगळे केल्विन मिसळू नका.

दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप. तो ८० च्या खाली असला तर तांबडे आणि तपकिरी रंग मरतात. ९० चा दिवा थोडा महाग पडतो, पण रंगावर हजारो रुपये घातल्यावर तिथे काटकसर करू नये. आणि क्रम लक्षात ठेवा: आधी दिवे बदला, मग नमुना बघा.

१०. पडदे दुकानात भिंतीच्या रंगाशी तंतोतंत जुळले होते, घरी आणल्यावर वेगळे दिसतात. असं कसं?

दोन वस्तूंचा रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेला असला तर त्या एका दिव्याखाली सारख्या आणि दुसऱ्याखाली वेगळ्या दिसू शकतात. साडी घेताना पदर उचलून दुकानाच्या दाराशी, उन्हात नेऊन बघणारी बाई हेच तपासत असते. पडद्याचा तुकडा मागून घ्या आणि प्रश्न ८ मधल्या पुठ्ठ्याला लावून दिवसा आणि रात्री बघा. तंतोतंत जुळवण्याच्या नादाला न लागता पडदा दोन छटा गडद घेतला तर हा प्रश्नच उरत नाही.

११. फरशी आणि ओटा आधीचाच आहे. त्याला धरून रंग कसा काढायचा?

बरोबर प्रश्न, कारण बदलता न येणारी गोष्ट आधी मोजायची. शहाबादी फरशी निळसर राखाडी, कोटा हिरवट, तांबडी टाइल नारिंगीकडे झुकलेली, काळा ग्रॅनाइट बहुधा थंड. फरशी ओली करा, तिच्यातली झाक स्पष्ट होते. मग भिंतीच्या रंगात त्याच बाजूची झाक घ्या. कोट्यावर गुलाबी झाकेचा बिस्किट कधीच जुळत नाही, फरशी जास्त हिरवी आणि भिंत जास्त गुलाबी दिसू लागते.

शेजारचा रंग आपला रंग बदलतो हे शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली सविस्तर मांडलं. तो गोबलँच्या गालिचा-कारखान्यात रंगाई बघत असे. काळा धागा फिका पडतो अशी तक्रार आली तेव्हा त्याला दिसलं की धाग्यात दोष नाही, शेजारच्या धाग्यांमुळे तो तसा दिसतो. इचलकरंजीच्या मागावर काम केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. घरात त्याचा अर्थ एवढाच: पिवळ्या भिंतीपुढे राखाडी सोफा जांभळट दिसणार. सोफा बदलून उपयोग नाही.

१२. ६०-३०-१० चा नियम काय आहे? आणि एक भिंत गडद करायची तर कोणती?

६० टक्के मुख्य रंग म्हणजे भिंती, ३० टक्के दुसरा म्हणजे पडदे आणि मोठं फर्निचर, १० टक्के उठावाचा रंग. काटेकोर मोजू नका, तो अंदाज आहे. फरशीही त्यात धरा, लोक ती विसरतात.

गडद भिंत तीच, जिच्याकडे दारातून आत येताच नजर जाते आणि जिच्यावर खिडकी नाही. खिडकीची भिंत गडद केली तर खिडकीतला उजेड आणि भिंतीचा अंधार यांचा विरोध डोळ्यांना त्रास देतो. झोपायच्या खोलीत पलंगाच्या डोक्याकडची भिंत घ्या, म्हणजे पडल्यावर ती दिसत नाही. टीव्हीमागची भिंत मध्यम गडद असली तर रात्री बघताना बरं वाटतं. तीन दारं असलेल्या तुकडेतुकडे भिंतीवर गडद रंग वाया जातो.

१३. स्वयंपाकघरात कुठला रंग टिकतो?

रंगापेक्षा आधी चमक ठरवा. मॅटवर, म्हणजे बिनचमकीच्या रंगावर, हळद-तेलाचा डाग बसला की पुसताना पट्टा उठतो. ओट्याच्या बाजूला थोड्या चमकीचा सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस घ्या, बाकी भिंतींना चालेल ते.

तांबड्या रश्श्याची फोडणी आणि हळद यांचे शिंतोडे फिक्या निळ्या-राखाडीवर लगेच दिसतात, कारण ते चक्रावर नारिंगी-पिवळ्याच्या समोर आहेत. दुधी, मोहरीकडे झुकलेला क्रीम किंवा फिका गुळाचा रंग असेल तर ते मुरून जातात. हळदीचा डाग साबणाने किंवा धुण्याच्या सोड्याने घासू नका: क्षारात हळद तांबडी होते. हळदीला चुना लावून कुंकू बनतं ते याच गुणामुळे. आधी कोरड्या कागदाने तेल टिपा, मग साध्या ओल्या फडक्याने पुसा. राहिलेला पिवळेपणा खिडकीतून ऊन येत असेल तर काही दिवसांत उडतो. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

१४. वास्तूप्रमाणे सांगितलेला रंग खोलीच्या उजेडाला शोभत नाही. काय करावं?

छटा तीच ठेवा, उजळपणा आणि तीव्रता बदला. पश्चिमेच्या खोलीला पिवळा सांगितला असेल तर हळदी न घेता दुधीच्या जवळचा, राखाडी मिसळलेला फिका पिवळा घ्या. आग्नेयेला तांबडा सांगितला असेल तर अगदी फिका विटकरी चालतो. घरातल्या मोठ्यांचं मनही राहतं आणि खोलीही सुसह्य राहते.

१५. जुन्या वाड्यात कडीपाटाचं छत आहे, खिडक्या लहान. भिंतींना काय द्यावं?

काळपट लाकूड उजेड गिळतं. त्याखाली निळसर पांढरा दिला तर लाकूड अधिकच काळं आणि भिंत कोरडी दिसते. पिवळट झाकेचा पांढरा, एलआरव्ही ८० च्या आसपास. कडीपाटाला ऑइलपेंट मारून ते पांढरं करण्याचा मोह होतो, तो टाळा. लाकडाची ऊब गेली की परत आणता येत नाही. भिंत माती किंवा चुन्याची असेल तर प्रश्न १९ वाचल्याशिवाय डबा उघडू नका.

१६. खोलीला किती लिटर रंग लागेल?

१० × १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली धरू. भिंती: (१० + १२) × २ × १० = ४४० चौरस फूट. एक दार २१ आणि एक खिडकी १६ वजा केली की ४०३. चांगल्या इमल्शनचा (पाणी मिसळून लावायच्या भिंतीच्या रंगाचा) १ लिटर गुळगुळीत, प्रायमर मारलेल्या भिंतीवर दोन हातांत साधारण १०० ते १४० चौरस फूट जातो. १२० धरला तर ३.४ लिटर, म्हणजे ४ लिटरचा एक डबा. छत १२० चौरस फूट, त्याला १ लिटर वेगळा. उरलेला अर्धा लिटर पुढच्या डागडुजीला ठेवा.

पाण्याचं प्रमाण डब्यावर लिहिलेलंच घाला, मापी भांड्याने. पेंटरच्या अंदाजाने पाणी वाढलं की रंग "फाटतो": वाळल्यावर ठिगळं दिसतात, मग तिसरा हात लागतो आणि वाचवलेला पैसा तिथेच जातो. एक हात आणि दुसरा हात यांच्यामध्ये उन्हाळ्यात चार तास आणि दमट हवेत सहा ते आठ तास जाऊ द्या.

१७. कोड तोच, कंपनी तीच, तरी नवीन डब्याचा रंग वेगळा का?

मशीनमध्ये स्टेनरचे, म्हणजे छटा देणाऱ्या द्रवाचे, थेंब पडतात त्यात बारीक फरक होतो, ते ज्यात मिसळतात त्या बेसची बॅच बदलते, किंवा दुकानदार एका प्रकारच्या इमल्शनचा कोड दुसऱ्या प्रकारात बनवतो. चमक बदलली तरी डोळ्याला रंग बदललेला वाटतो: चकचकीत पृष्ठभाग गडद दिसतो.

उपाय: एका खोलीचा सगळा रंग एकाच वेळी बनवून घ्या आणि काम सुरू करायच्या आधी सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून एकजीव करा. तरीही कमी पडलाच तर नवीन डबा भिंतीच्या मध्यावर सुरू करू नका, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक पूर्ण भिंत घ्या. दोन भिंतींवर उजेड तसाही वेगळा पडतो, म्हणून कोपऱ्यात फरक कळत नाही.

१८. गडद तांबडा चार हात मारूनही खालचा पांढरा दिसतोय. रंग नकली आहे का?

नकली असेलच असं नाही. तीव्र तांबडी आणि पिवळी रंगद्रव्यं मुळात पारदर्शक असतात आणि गडद बेसमध्ये पांढरं द्रव्य जवळजवळ नसतं, त्यामुळे झाकण्याची ताकद कमी. तांबड्याखाली राखाडी किंवा गुलाबीसर प्रायमर बनवून घ्या, म्हणजे दोन-तीन हातांत भागतं. पिवळ्याखाली मात्र स्वच्छ पांढराच हवा, राखाडीवर पिवळा हिरवट होतो.

दुसरी सूचना: ज्या भिंतीवर ऊन पडतं तिथे भडक तांबडा आणि जांभळा उडतो. गेरू आणि पिवडी हे लोखंडाच्या गंजाच्या कुळातले रंग उन्हात पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. म्हणून उन्हातल्या भिंतीला गेरूकडचा विटकरी निवडा.

१९. दर पावसाळ्यानंतर खालच्या दोन फुटांत रंग फुगतो. गडद रंग दिला तर झाकेल का?

झाकणार नाही. गडद रंगावर पांढरा लोणा, म्हणजे भिंतीवर फुटून येणारा क्षार, अधिकच दिसतो. भिंतीतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं. वरचा इमल्शनचा थर त्याला वाट देत नाही, म्हणून पोपडे सुटतात. आधी पाणी कुठून येतं ते शोधा: पायातून, गळक्या पाइपमधून की बाहेरच्या भेगेतून. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढा, धुऊ नका. धुतलं की क्षार विरघळून परत आत जातात.

पंचगंगेच्या पुरात २०१९ आणि २०२१ ला ज्या घरांत पाणी उभं राहिलं तिथे घाईने लांबी (पुट्टी) भरून रंग दिलेल्या भिंती पुन्हा पुन्हा सोलल्या जातात, ते याचमुळे. भिजलेली भिंत वरून कोरडी लागली तरी आत महिनोन्‌महिने ओली राहते. पोकळ वाजणारा गिलावा काढा, खिडक्या उघड्या ठेवा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. मधल्या काळात चुन्याची सफेदी द्या, ती श्वास घेते. माती-चुन्याच्या जुन्या भिंतींना तर कायमच चुना बरा. गेरू, पिवडी आणि नीळ हे तिन्ही चुन्यात टिकतात, म्हणजे विटकरी, क्रीम आणि आकाशी एवढी निवड तिथेही आहे.

ओल तपासायची सोपी रीत: दीड बाय दीड फुटाचा प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि रात्रभर, निदान सोळा तास, ठेवा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब किंवा भिंतीवर काळसर डाग दिसला तर अजून थांबा.

२०. नवीन बांधकाम आहे, गृहप्रवेशाची तारीख ठरली आहे. लगेच रंग देता येईल का?

गिलाव्यावर पाणी मारणं थांबवल्यापासून निदान २८ दिवस जाऊ द्या, पावसाळ्यात दुप्पट. ताज्या सिमेंटमधला क्षार काही रंगद्रव्यं खातो आणि निळा-जांभळा ठिगळाठिगळांनी उडतो. तारीख हलत नसेल तर फक्त प्रायमर आणि पांढऱ्याचा एक हात देऊन प्रवेश करा. खरा रंग पुढच्या उन्हाळ्यात द्या. याचा एक फायदाही होतो: तोवर घरातला उजेड वर्षभर बघून झालेला असतो.

२१. रंग देऊन झाला आणि चुकला. पुन्हा सगळं काढायचं का?

आधी दिवा बदला (प्रश्न ९). निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. खोली जास्त पिवळी वाटत असेल तर ३००० ऐवजी ४०००, जास्त थंड वाटत असेल तर उलट. दुसरं, त्या रंगाचा जोर कमी करायचा असेल तर त्याच्याहून तीव्र, त्याच कुळातली एखादी वस्तू खोलीत आणा. पोपटी भिंतीपुढे गडद हिरवी सतरंजी अंथरली की भिंत निवते. समोरचा रंग आणू नका, तो भिंतीला अजून चेतवतो. तिसरं, चारपैकी फक्त खिडकीसमोरची भिंत पांढरी करा. सगळ्यात जास्त उजेड तीच परत फेकते, त्यामुळे बाकी तिन्हींचा रंग उतरतो आणि खर्च एका लिटरच्या डब्याचा.

एवढं करूनही नको वाटलं तर रंग काढावा लागत नाही. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, धूळ पुसा, फिक्या रंगावर जायचं असेल तर प्रायमरचा एक हात मारा आणि वर नवीन दोन हात.